गूगलचा मॅनेजर फीडबॅक फॉर्म: प्रश्न उत्तम, वापरताना जपून

टीम मनापासून सोबत आहे की फक्त पगारापुरती, हे मॅनेजरला कळायची सोय बहुतेक ऑफिसांत नसते. गूगलने ‘री:वर्क’ या उपक्रमातून सगळ्यांसाठी खुला केलेला, टीमने आपल्या मॅनेजरबद्दल भरायचा हा फॉर्म ती सोय करतो, आणि तोही मोफत. साधारण डझनभर विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, शेवटी दोन मोकळे प्रश्न: मॅनेजरने काय चालू ठेवावं आणि काय बदलावं. भरायला दहा मिनिटं पुरतात.

विधानं हवेतून आलेली नाहीत. मॅनेजरमुळे खरंच काही फरक पडतो का, हे तपासायला गूगलने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ हाती घेतला होता. फरक पडतो, आणि बराच पडतो, असं निघालं. चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी सापडल्या, पुढे 2018 मध्ये त्या दहा झाल्या. पहिल्या आठांत शिकवत शिकवत पुढे नेणं सगळ्यात वर होतं आणि तांत्रिक ज्ञान तळाला. आपल्याकडे उत्तम काम करणाऱ्यालाच उचलून टीम लीड करतात, त्यांनी हा क्रम जरूर पाहावा.

मराठीत वापरायचा तर शब्दशः भाषांतर करू नका. ‘मला पुरेशी स्वायत्तता मिळते’ असं लिहिलं की शॉपफ्लोअरवरचा माणूस डोळे झाकून 3 वर खूण करतो. ‘माझ्या कामातले रोजचे निर्णय मला घेता येतात, दर वेळी विचारावं लागत नाही’ असं लिहा. फॉर्ममधलं सगळ्यात मोलाचं विधान माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आहे. ते असं उतरवता येईल: ‘साहेब माझ्याकडे फक्त कामापुरतं बघत नाहीत, माझी अडचणही समजून घेतात.’ इथे गुण कमी पडले, तर बाकीचे आकडे नंतर बघा.

घोळ होतो तो नाव गुप्त ठेवण्यात. गूगल फॉर्म्समध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. ‘एकदाच उत्तर’ हा पर्याय चालू केला की लॉगिन करावं लागतं. ईमेल नोंदला जात नाही, पण भरणारा बिचकतो आणि सगळीकडे 4 देऊन मोकळा होतो. उत्तरांच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीपुढे भरल्याची वेळ येते. रात्रपाळीत एकच जण असेल, तर तेवढ्यावरून नाव कळतं. म्हणून फॉर्म मॅनेजरच्या खात्यातून काढूच नये. एचआर किंवा दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी काढावा आणि वेळेचा रकाना उडवून निकाल द्यावा. कागदावर घेतलात तर हस्ताक्षर ओळखू येतं, तेव्हा मोकळी उत्तरं टाइप करूनच पुढे पाठवा.

नुसत्या सरासरीवर जाऊ नका. पाच जणांनी 5, 5, 5, 4, 1 दिले तरी सरासरी 4, आणि पाचही जणांनी 4 दिले तरी 4. पहिल्या टीममध्ये एक माणूस राजीनाम्याच्या वाटेवर असू शकतो. तो कोण, हे शोधायला मात्र अजिबात जायचं नाही. ‘हे कुणी लिहिलं?’ एवढं एकदा विचारलंत की पुढच्या वेळी खरं उत्तर मिळणार नाही.

निकाल आल्यावर आठवड्याभरात टीमसमोर वाचून दाखवा, बदलायची एकच गोष्ट ठरवा, तारखेसह सांगा. सहा महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा घ्या. हे गुण मॅनेजरच्या पगारवाढीला जोडू नका. जोडले की मॅनेजर गुणांसाठी गोड वागतो आणि अवघड निर्णय टाळतो.

उणीव एवढीच की फॉर्म ऑफिसातल्या कामाला धरून बनवलाय. पाळ्या, ओव्हरटाइम, सुट्टी मिळण्यातला दुजाभाव, कंत्राटी कामगारांना मिळणारी वागणूक यावर त्यात काही नाही. दोन-तीन विधानं आपली घालावी लागतात. तीन-चार जणांच्या टीममध्ये नावं लपतच नाहीत. तिथे गुण सोडा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बसा आणि शेवटचे दोन मोकळे प्रश्न तेवढे विचारा.