नसलेल्या पित्ताशयाचा रिपोर्ट

माझ्या मावशीचं पित्ताशय ऑपरेशन करून केव्हाच काढलंय. तरी कॉम्प्युटरवरच्या रेडिऑनिक्स (शरीराच्या 'ऊर्जालहरी' मोजून रोग ओळखल्याचा दावा) तपासणीत ते 'किंचित मंद' निघालं, तेही टक्केवारीसकट!

तपासणी म्हणजे केसांची बट यंत्रावरच्या धातूच्या वाटीत ठेवायची, फोटो स्कॅन करायचा, नाव आणि जन्मतारीख टाइप करायची. मग पडद्यावर लाल-हिरव्या पट्ट्या सरसर वरखाली होतात आणि यकृतापासून मणक्यापर्यंत प्रत्येक अवयवापुढे एकेक आकडा येऊन थांबतो. बघणारा दबतोच. पित्ताशयाबद्दल विचारलं तर उत्तर तयार होतं, "अवयव गेला तरी त्याची ऊर्जा राहते." आता यावर काय बोलणार?

पुढे त्याच बटीतले केस आम्ही ओळखीच्या एकाकरवी वेगळं नाव, वेगळं वय सांगून पाठवले. सगळे आकडे बदलले. बदलणारच, कारण केसांवरून यकृत-मणक्याची तब्येत सांगणारा सेन्सर कुठल्याच वाटीत नसतो. यातली काही सॉफ्टवेअर तर उघडउघड रँडम आकड्यांवर चालतात.

धंदा जुनाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा डॉक्टर अल्बर्ट एब्रम्स शंभर वर्षांपूर्वी रक्ताच्या थेंबावरून असंच निदान करायचा. कुणीतरी कोंबड्याचं रक्त पाठवलं, तर त्यातही माणसांचे रोग सापडले! त्याचं 'ऑसिलोक्लास्ट' नावाचं उपचाराचं यंत्र भाड्याने मिळायचं, पण उघडून बघायचं नाही या अटीवर. १९२४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या विज्ञान मासिकाच्या चौकशीत या सगळ्यात काही तथ्य नसल्याचं निघालं.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. तपासणीवाल्यांनी मावशीला घरबसल्या उपचाराच्या 'लहरी' पाठवायचं मासिक पॅकेज गळ्यात मारलं, वर लहरींना अडथळा नको म्हणून थायरॉइडची गोळी थांबवायला सांगितली. मावशीने आम्हाला न सांगता ती थांबवलीसुद्धा. तोंडावर सूज आली, आवाज जड झाला, दिवसभर ती नुसती पडून असायची. "शरीर विष बाहेर टाकतंय," असं त्यांचं म्हणणं. शेवटी रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) भलतंच वाढलेलं निघालं आणि गोळी पुन्हा सुरू झाली. तुमच्या घरी कुणाला असं सांगितलं, तर चालू औषध आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी रिपोर्टच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'हे रोगनिदान नाही.' पैसे देण्याआधी ही ओळ शोधा. आम्ही आता लेखी तक्रार केली आहे. सोबत एकाच बटीचे दोन्ही रिपोर्ट जोडलेत.