सांगवी फाटा–किवळे बीआरटी : आठ महिने रोज वापरल्यावर

पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला राहायला आल्यापासून आठ महिने रोज मुकाई चौक ते सांगवी फाटा बीआरटीनेच, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बसनेच जातोय. आधी दुचाकी होती, आता ती रविवारीच बाहेर निघते.

स्वतंत्र मार्गिकेत बस पळते, हे खरंच. राखीव मार्गिका मोकळी दिसली की शेजारच्या कोंडीतल्यांना राग येतो, तेही कळतं. पण आमच्या एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात आणि ती गेली की मार्गिका पुन्हा रिकामी दिसणारच.

माझ्या लेखी खरी कमाल थांब्याची आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, म्हणून बसला उजवीकडेही दारं आहेत. फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, त्यामुळे पायरी चढावीच लागत नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. साध्या बसला मी खालून आणि कंडक्टर वरून हात देतो, तेव्हा कुठे ती चढते. इथे काठी टेकत स्वयंपाकघरातून माजघरात यावं तशी आत गेली, आणि खिडकीशी बसून माझ्याकडे बघत राहिली.

मात्र बस फलाटाला चिकटून लागली पाहिजे. एकदा ती वीतभर लांब थांबली आणि आईच्या काठीचं टोक फटीत गेलं. मागच्या मुलीने दंड धरला म्हणून निभावलं. चाक टेकवून बस सरळ लावता येईल अशी कड आणि फलाटाला रबरी पट्टी, एवढ्याने ही फट मिटते. मार्गिकेचा आराखडा करताना याचा विचार अगदी पहिल्या दिवशी व्हायला हवा.

चौकातही तेच. मार्गिकेत कमावलेली मिनिटं सिग्नलला जातात. बस येताना दिसली की हिरवा दिवा थोडा लांबवायची सोय हवीच. दुचाकीवाले मार्गिकेत घुसतात तेव्हा तर ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागतो.

पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसरवर 2006 मध्ये पहिला प्रयोग झाला. नगर रस्त्यावरची बीआरटी तर काढूनच टाकली. आमची तशी जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

आई आता गुरुवारी मावशीकडे एकटी जाते. बसची काळजी नसते. मधल्या थांब्यावरून कडेला यायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढ्यासाठी मी फोन करतो, "ओलांडलास का रस्ता?"