जुनी पेट्रोल गाडी ठेवावी की नवीन बीएस-6 घ्यावी? बेळगाव-खानापूर भागात दोन्ही वापरून मला काय वाटतं

दसरा जवळ आला की आमच्याकडं हा विषय निघतोच, जुनी काढून नवीन घ्यायची का अजून चार-पाच वर्षं तीच चालवायची. आमच्या घरात दोन्ही आहेत. माझी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, साधं बिनटर्बोचं इंजिन, मॅन्युअल गिअर, टॉप व्हेरियंट म्हणून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) आणि दोन एअरबॅग. थोरल्या भावाची 2021 ची टर्बो पेट्रोल, म्हणजे बीएस-6, धुराच्या नवीन नियमातली, मोठा स्क्रीन, एलईडी हेडलाइट, सगळं असलेली. मलापण एक्स्चेंजची चांगली ऑफर होती, टोकन भरायच्या टप्प्यापर्यंत गेलो होतो आणि मग जुनीच ठेवली. का ते सांगतो, तुमचं गणित वेगळं असू शकतं. आणि जुनी म्हणजे मी पद्मिनी-अँबॅसिडर म्हणत नाहीये, कार्ब्युरेटरचा काळ सोडून द्या, साधारण 2005 ते 2017 मधली एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी गाडी धरून चाललोय.

भरवशाचं म्हणाल तर नवीन गाडी रस्त्यात कमी थांबते हे मान्यच करायला पाहिजे. भावाच्या गाडीला पहिली तीन वर्षं सर्व्हिसिंग सोडून काहीच लागलं नाही. पत्र्याला गंज धरत नाही, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात भिजूनसुद्धा दारांच्या खालच्या कडा तशाच आहेत, माझ्या गाडीला मात्र फेंडरच्या आतले कोपरे दर दोन-तीन पावसाळ्यांनी खरवडून अंडरकोटिंग मारून घ्यावं लागतं. चढावर थांबून परत निघताना हिल होल्डमुळं गाडी मागं सरकत नाही, चोर्ला घाटात पुढं ट्रक अडकला की त्याची किंमत कळते. आणि सेफ्टी. एबीएस एप्रिल 2019 पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, त्याआधीचं बेस मॉडेल तुमच्याकडं असेल तर त्यात यातलं काहीच नसण्याची शक्यता जास्त. तशी गाडी असेल आणि बायकापोरांना घेऊन हायवेनं सारखं धारवाड नाहीतर कोल्हापूर करत असाल तर पुढचं वाचायचीपण गरज नाही, नवीन घ्या.

आता खर्च. जुन्या गाडीचा खर्च थोडा थोडा पण सारखा असतो. आमच्या रस्त्यांवर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअपचे माउंट हे सस्पेन्शनचे पार्ट ठरलेलेच, कधी इंजिन माउंट, कधी रेडिएटरचा होज. क्लच सेट गेल्या वर्षी बदलला, मजुरी धरून 6-7 हजारांत काम झालं आणि संध्याकाळी गाडी घरी. कटकट आहे, नाही म्हणत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी आवाज येतो आणि मेस्त्रीकडं जावं लागतं. पण त्या कटकटीत एक समाधान आहे की मेस्त्री गाडीखाली जातो, हात लावून सांगतो हे सैल झालंय, आणि तेवढंच बदलतो.

बेळगावचा यात फार मोठा फायदा आहे, तो बाहेरच्या लोकांना कळत नाही. उद्यमबागला आणि मच्छेला फाउंड्री, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक, मशिनिंग हेच चालतं, त्यामुळं लेथवर बारीक माप काढणारी माणसं इथं गल्लोगल्ली भेटतात. ब्रेक ड्रमला टर्निंग मारायचं, फ्लायव्हील फेस करायचा, हेड गॅस्केट गेली तर हेडला सरफेस ग्राइंडिंग करायचं, ब्लॉकला बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे, ही सगळी कामं इथं होतात आणि चांगली होतात. जुन्या गाडीचं इंजिन हे अशी कामं करता येतील असंच बनवलेलं असतं. नवीन काही इंजिनांत ॲल्युमिनियम ब्लॉकला आतून नुसता कोटिंगचा थर असतो, तिथं नेहमीचं बोअरिंग चालत नाही, मग आपल्याकडं एवढा हुन्नर असून उपयोग काय.

तरीपण इथवर माझं मत पक्कं नव्हतं, फरक पडला तो हेडलाइटमुळं.

भावाच्या गाडीची वॉरंटी संपून थोडेच महिने झाले होते आणि उजव्या बाजूचा लो बीम गेला. ऊसाचा सीझन, रात्री चिकोडीहून हुक्केरीमार्गे परत येत होतो. त्या भागातल्यांना सांगायला नको, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडनं बाहेर आलेला, मागं लाइट नाही आणि रिफ्लेक्टर असला तर धुळीनं झाकलेला. त्यात उजवी बाजू काळी म्हणजे समोरच्याला आपण मोटारसायकल वाटतो. भावाचा जीव मुठीत होता, तीसच्या वर गाडी नेली नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो तर कळलं की बल्ब असा प्रकारच नाही. एलईडी आत बोर्डावर सोल्डर केलेला, काच आणि मागची बॉडी एकमेकांना चिकटवून सील केलेली, त्यामुळं अख्खा हेडलाइट बदलायचा. 28 हजारांच्या आसपास सांगितले, आणि माल बाहेरनं मागवायचा म्हणून दोन आठवडे थांबायचं. इन्शुरन्समध्ये बसत नाही कारण कुठं धडक झालेली नाही, आपोआप गेलेला पार्ट. काच शाबूत, रिफ्लेक्टर शाबूत, हाय बीम शाबूत, नखाएवढा एक तुकडा गेलाय आणि बिल 28 हजारांचं, यात मला अजूनही कुठलंच शहाणपण दिसत नाही.

बाहेर काहीजण हे काम करतात, हीट गनने गोंद मऊ करून हेडलाइट उघडतात, बोर्डावरची एलईडी बदलतात आणि परत सिलिकॉन लावून बंद करतात. ओळखीतल्या एकानं करून घेतलं होतं, पहिल्याच पावसात काचेच्या आतून वाफ धरली. सगळ्यांचं तसं होईलच असं नाही, पण खानापूर तालुक्यातला पाऊस बघता भावाची हिंमत झाली नाही, त्यानं नवीनच बसवला. मधले दोन आठवडे अंधार पडायच्या आत घरी यायचं असं चाललं होतं.

माझ्या गाडीला एच4 बल्ब आहे. लो आणि हाय दोन्ही त्या एकातच, दीड-दोनशे रुपयांत मिळतो, खानापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, आणि डिकीत एक जादाचा पडलेला असतो. कनेक्टर ओढायचा, रबराची टोपी काढायची, स्प्रिंगची तार बाजूला करायची, बल्ब बदलायचा, बास. बल्बच्या काचेला हात लावायचा नाही एवढं लक्षात ठेवायचं. उजेड एलईडीपेक्षा कमी पडतो हे खरंय, आणि प्लास्टिकची काच पिवळी पडली की बफिंग करून घ्यावं लागतं. पण चोर्ल्याच्या धुक्यात मला तरी त्या पिवळट उजेडात बरं दिसतं, भावाच्या गाडीत समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते असं वाटतं. हा नजरेचा भाग असू शकतो.

त्याच आठवड्यात मी ज्या गाडीचं टोकन भरणार होतो तिच्या पार्ट काउंटरला जाऊन हेडलाइटचं विचारलं. तिथंपण तेच, अख्खा युनिट. तिथंच माझा निर्णय झाला.

कारण हे नुसतं हेडलाइटपुरतं नाही. आरशाचा आत वळायचा छोटा गिअर तुटला की सगळा आरसा, स्टिअरिंगमधनं टकटक आली की अख्खी कॉलम असेंब्ली. जिकडं तिकडं असेंब्ली. जुन्या गाडीत तेवढा बुश नाहीतर तेवढा ब्रश बदलून काम भागतं. उंदरांचंच बघा. भातकापणीनंतर आमच्याकडं उंदीर घरात आणि बॉनेटखाली दोन्हीकडं येतात, वायर कुरतडणं दरवर्षीचं आहे. माझ्या गाडीची तुटलेली वायर इलेक्ट्रिशियननं रंग बघून जोडली, सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवली, झालं. भावाला सर्व्हिस सेंटरनं तुकडा जोडून देणार नाही, वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगाच बदलावा लागेल असं सांगितलं. त्यांची बाजूपण समजू शकतो, त्या गाडीत एकाच वायरच्या जोडीवरनं बरेच कंट्रोलर एकमेकांशी बोलत असतात, जोड कच्चा राहिला तर भलतेच दिवे लागतात. पण समजलं म्हणून खिशातनं कमी जात नाही.

चेक इंजिनच्या दिव्याला मात्र उगाच घाबरू नका, तो माझ्या गाडीतपण आहे आणि बिघाडाचा कोड वाचायचा ओबीडी सॉकेटपण आहे, मोबाइलला जोडायचा साधा स्कॅनर हजाराच्या आतबाहेर मिळतो आणि कोड कळतो. फरक पुढं आहे. जुन्यात सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी चालू. नवीन गाड्यांत बरेच पार्ट बसवल्यावर कंपनीच्या सॉफ्टवेअरनं ते गाडीला ओळखवून द्यावे लागतात, आणि ते सॉफ्टवेअर आमच्या खानापूरच्या मेस्त्रीकडं नाही.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचं थोडक्यात. टर्बोला ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्याच ग्रेडचं पाहिजे, तिथं काटकसर चालत नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात जातं, इनटेक व्हॉल्व्हवरनं जात नाही, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि कार्बन बसत जातो. बीएस-6 डिझेल घ्यायचा विचार असेल तर आधी रोजचं फिरणं बघा. त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यातली काजळी जळायला गाडी सलग बऱ्या वेगात पळावी लागते, नुसतं टिळकवाडी ते कॅम्प आणि कॅम्प ते शहापूर एवढंच फिरत असाल तर तो तुंबत राहणार. जुनं कॉमन रेल डिझेलपण स्वस्त नाही हां, चार इंजेक्टर एकदम गेले की कळतं, म्हणून माझं सगळं बोलणं पेट्रोलपुरतंच धरा.

जुन्या गाडीच्या विरोधात दोन गोष्टी आहेत त्या लपवत नाही. एक म्हणजे ई20. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल काढतात, उसाला त्याचा आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या 20 टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत. माझं ॲव्हरेज थोडं उतरलंय, आणि पेट्रोलचे रबरी पाइप व ओ-रिंग मी आधीच बदलून घेतले, फार खर्च आला नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. दुसरं म्हणजे 15 वर्षं झाली की आरसी रिन्यू करायची, फिटनेस दाखवायचा, एप्रिल 2022 पासून कारची रिन्यूअल फी 600 वरून 5,000 झालीय, वर ग्रीन टॅक्स. माझी पाळी 2027 ला येईल. पाच वर्षांसाठी एवढे पैसे मला जड वाटत नाहीत, पण पत्रा कुजलेला असेल तर त्या गाडीवर ते घालू नका.

जुनी सेकंडहँड बघत असाल तर आपल्या भागातली एक अडचण आधी सांगतो. कोल्हापूरकडं गाड्या बऱ्या आणि भरपूर मिळतात, मोह होतो, पण एमएच-09 ची गाडी कायमची इकडं ठेवायची तर एनओसी काढून केए-22 नाहीतर केए-23 करून घ्या आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स भरायची तयारी ठेवा. तो धरून किंमत काढली की कधीकधी बेळगावातलीच गाडी परवडते. इंजिनापेक्षा आधी खालचा पत्रा बघा, कारण इंजिन उद्यमबागला दुरुस्त होतं, कुजलेलं चॅसिस होत नाही.

आणि नवीनच घ्यायची असेल, घ्या, चांगल्याच असतात. फक्त माझ्या मते मधलं व्हेरियंट बघा, बिनटर्बोचं पेट्रोल, मॅन्युअल गिअर, आणि शक्यतो बल्बवाला हेडलाइट. काही मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटमध्ये अजूनही हॅलोजन येतो, सेल्समन त्याला कमीपणा म्हणून सांगेल, तुम्ही नुसतं ऐकून घ्या. टोकन भरायच्या आधी शोरूममधनं उठून पार्ट काउंटरला जा आणि चारच किमती लिहून घ्या: एक हेडलाइट, एक टेललाइट, एक आरसा, एक जादाची चावी. माल बेळगावात असतो की मागवायला लागतो तेपण विचारा.