दोन प्रोसेसरचा २यू रॅक सर्व्हर: आठ महिने चोवीस तास चालवल्यावर

आधी या २यू (रॅकमध्ये दोन खणांएवढ्या उंचीच्या) सर्व्हरची रचना. झिऑन सिल्व्हर ४४१०वाय हे १२ कोअरचे दोन प्रोसेसर, १६ जीबीच्या सोळा स्टिक म्हणजे २५६ जीबी डीडीआर५ मेमरी, ८ टीबीच्या सहा सास (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) हार्ड डिस्क रेड-६ मध्ये (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणारा समूह), ऑपरेटिंग सिस्टिमसाठी रेड-१ मधल्या (एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या) दोन छोट्या एम.२ ड्राइव्ह आणि ८०० वॉटचे दोन पॉवर सप्लाय. काम व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक), एक डेटाबेस आणि फाइल सर्व्हर यांचं. इतक्या वापरानंतर एक मत पक्कं झालं आहे. असं मशीन निवडताना प्रोसेसरच्या आकड्यांपेक्षा, एखादा भाग बिघडल्यावर ते कसं वागतं हे पाहावं. त्यासाठीच्या सोयी यात आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच सुरुवातीला नीट लावून घ्याव्या लागतात.

मेमरीपासून सुरू करतो, कारण खरेदीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. या प्रोसेसरला प्रत्येकी आठ मेमरी चॅनेल, म्हणजे मेमरीपर्यंतचे मार्ग, आहेत. प्रत्येक चॅनेलला एक स्टिक, म्हणून सोळा. हीच २५६ जीबी ३२ जीबीच्या आठ स्टिकमध्ये घेतली, तर प्रत्येक प्रोसेसरचे चार चॅनेल रिकामे राहतात आणि मेमरीचा वेग थेट निम्म्यावर येतो. स्टिकवर ४८०० (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) लिहिलेलं असलं तरी ४४१०वाय तिला ४००० वरच चालवतो. त्या हिशेबाने एका प्रोसेसरला सेकंदाला जास्तीत जास्त २५६ जीबी मिळतात, चारच स्टिक असतील तर १२८. डेटाबेसला हा फरक कोअरच्या संख्येपेक्षा जास्त जाणवतो. स्टिक आरडीआयएमएम या सर्व्हरसाठीच्या प्रकारचीच हवी. डेस्कटॉपची डीडीआर५ स्टिक या खाचेत बसतच नाही. एकच प्रोसेसर घेऊन दुसरा नंतर बसवायचा विचार असेल, तर तोवर मेमरीच्या निम्म्या खाचा आणि काही पीसीआयई स्लॉट (जास्तीची कार्डं बसवायच्या जागा) मृत राहतात, हे स्लॉट मोजताना धरावं.

मेमरी बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळाच राहतो. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे प्रत्येक स्टिकशी जुळवून घेण्याचं काम, चालू असतं. मशीन अडकलं असं समजून वीज काढू नये, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

आता रेड कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा समूह सांभाळणारं कार्ड. यातली कॅश (तात्पुरती वेगवान मेमरी) आणि तिला वीज गेल्यावर धरून ठेवणारा सुपरकपॅसिटर हा या सर्व्हरचा सर्वांत मोलाचा भाग आहे. राइट-बॅक चालू असताना लिहायचा डेटा आधी कॅशमध्ये उतरतो आणि व्हर्च्युअल मशीन पुढच्या कामाला लागतात. कपॅसिटर खराब झाला की कंट्रोलर स्वतःहून राइट-थ्रूवर जातो, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच काम पूर्ण मानतो. डेटा सुरक्षित राहतो, पण रेड-६ वरचं लेखन एकदम मंदावतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. ‘अचानक सगळं हळू झालं’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा कंट्रोलरच्या नोंदीत कपॅसिटरची स्थिती पाहावी. डिस्कची स्वतःची राइट कॅश मात्र बंद ठेवावी. तिला कोणताही आधार नसतो.

एकाच डिस्कचा बिघाड सोसणारं रेड-५ का नको? सहापैकी एक डिस्क गेली, तर ती पुन्हा उभी करताना उरलेल्या पाचांमधला ४० टीबी डेटा पूर्ण वाचावा लागतो. त्यात एखादा सेक्टर वाचता आला नाही तर रेड-५ कडे दुसरा आधार नसतो, रेड-६ कडे असतो. त्यासाठी मोजलेली किंमत म्हणजे ४८ पैकी ३२ टीबीच वापरता येतात. वेळेचा अंदाजही असू द्या: सेकंदाला २०० एमबी सलग मिळाले तरी ८ टीबी भरायला ११ तास लागतात, आणि कामाच्या भारात एवढा वेग टिकत नाही. म्हणून पॅट्रोल रीड (कंट्रोलरने डिस्क वाचून तपासत राहणं) नियमित चालू ठेवावं, म्हणजे खराब सेक्टर आधीच सापडतात. डिस्क काढताना लोकेट दिवा (नेमकी डिस्क दाखवणारा) लावून खात्री करावी, ट्रे थोडा बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबावं, तबकड्या फिरायच्या थांबल्या की मगच पूर्ण काढावी. रिकाम्या जागांवर बहुधा फक्त प्लास्टिकची झाकणं असतात, ट्रे वेगळे घ्यावे लागतात. आणि ती झाकणं फेकू नयेत. ती नसली की हवा सोप्या वाटेने आत शिरते आणि प्रोसेसरपर्यंत कमी पोहोचते.

दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला जोडले तर दुसऱ्याचा निम्मा फायदा गेला. दोन वेगळे यूपीएस, निदान दोन वेगळ्या लाइन हव्यात. शिवाय पूर्ण भारातला एकूण वापर एका सप्लायच्या क्षमतेत बसला पाहिजे, म्हणजे इथे ८०० वॉटच्या आत. ग्राफिक्स कार्ड घातलं की हे गणित बिघडतं. कामाच्या वेळेबाहेर, भार असताना एक केबल काढून पाहणं हीच खरी चाचणी.

दूरवरून नियंत्रणासाठी असलेल्या बीएमसी या स्वतंत्र चिपमुळे बायोसपर्यंत (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगपर्यंत) सगळं दुसऱ्या जागेवरून करता येतं. पण अशा सर्व्हरमध्ये पडदा दूरवर दाखवणारी सोय अनेकदा वेगळ्या लायसन्सवर मिळते. ते पहिल्याच खरेदीत घ्यावं, माझ्या मते चार जास्तीच्या कोअरपेक्षा त्याचा उपयोग जास्त. बीएमसीचा पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या विभागात) ठेवावा, इंटरनेटला कधीच उघडा करू नये. नेटवर्कवरून आयपीएमआय (बीएमसीशी बोलायची जुनी पद्धत) लागत नसेल तर बंद करावं: आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी उणीव आहे की लॉगिन न करताही खात्याच्या पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेला सांकेतिक आकडा) मागून घेता येतो. तेच काम रेडफिश ही नवी पद्धत नीट करते. ईमेलने इशारे येण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करून एक चाचणी-संदेश पाठवून पाहावा; डिस्कचा पिवळा दिवा बंद खोलीत कोणी पाहत नाही.

आवाज मोठा आहे, माणसं बसतात त्या खोलीत हा सर्व्हर ठेवू नये. दुसऱ्या कंपनीचं पीसीआयई कार्ड घातल्यावर फॅन कायम जोरात फिरू लागले तर तो बिघाड नव्हे. कार्ड आपलं तापमान बीएमसीला कळवत नाही, म्हणून ते सावधगिरीने वेग वाढवतं. बहुतेक वेळा बायोस किंवा बीएमसीमध्ये त्यासाठी सेटिंग मिळतं. खोली १८ ते २७ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी.

नेटवर्कबद्दल एवढंच की १ गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला ११०-११५ एमबीच्या पुढे जाता येत नाही, तेव्हा बॅकअपसाठी १० गिगाबिटचं कार्ड सुरुवातीलाच घ्या. विंडोज सर्व्हर टाकणार असाल तर लायसन्स कोअरवर मोजतात, इथे २४ कोअरचं लागेल; प्रोसेसर ठरवण्याआधीच हा खर्च मांडून पाहा.