प्रीकास्ट पॅनेल की तयार खोल्या?

केंद्राच्या लाइटहाउस प्रकल्पांत, म्हणजे नव्या तंत्राने घरं बांधून दाखवणाऱ्या प्रकल्पांत, चेन्नईची १,१५२ घरं प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून साइटवर जोडलेल्या काँक्रीटच्या भागांची, रांचीची १,००८ कारखान्यात ओतलेल्या अख्ख्या खोल्यांची. परवानगीचा नियम दोन्हींना एकच नको.

पॅनेलची खरी जोखीम सांध्यात. ग्राउटमध्ये, म्हणजे सांध्यात भरलेल्या सिमेंटच्या मसाल्यात, पोकळी राहिली तरी भिंत बाहेरून ठीकच दिसते. लंडनच्या रोनन पॉइंटमध्ये १९६८ साली एका गॅसस्फोटाने इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला, कारण पॅनेलचे सांधे कच्चे होते. म्हणून तपासणी साइटवर, प्रत्येक मजल्याचे सांधे बुजण्याआधी हवीच.

खोल्यांत वायरिंगचे पाइप कारखान्यातच झाकले जातात. तिथे टप्प्याटप्प्याने दाखला दिला नाही, तर साइटवरचा इंजिनिअर काय तपासणार? शिवाय खोल्यांना क्रेन जड, रस्ता रुंद लागतो.

अरुंद रस्ता, वेगवेगळे नकाशे असतील तर पॅनेल. एकाच नकाशाची शेकडो घरं आणि कारखान्यात जाणारा निरीक्षक असेल, तर खोल्या.