बाइंडर कुठला घेऊ: पीव्हीडीएफ, सीएमसी-एसबीआर, पीएए की कोरडा पीटीएफई?

लिथियम-आयन बॅटरीची छोटी पायलट लाइन टाकताय, नाहीतर एमटेकच्या प्रोजेक्टला कॉइन सेल (बटणाएवढे चाचणीचे सेल) बनवताय, आणि बाइंडरपाशी गाडी अडलीय, तर वाचा. व्यावसायिक इलेक्ट्रोडमध्ये बाइंडर असतो जेमतेम २-३ टक्के, तो चार्ज साठवत नाही, करंटही वाहून नेत नाही, पण ॲक्टिव्ह पावडर, कार्बन ब्लॅक आणि फॉइल यांना धरून ठेवणारा तोच. सगळे विचारतात बेस्ट कुठला. मी आधी विचारतो, तुमची स्लरी, म्हणजे फॉइलवर पसरायचा पातळ लगदा, पाण्यात होणार की एनएमपी या सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये? तेवढं ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, एनएमपीत विरघळवायचा फ्लोरिनवाला पॉलिमर) हा जुना भरवशाचा गडी, विशेषतः कॅथोडला, म्हणजे धन इलेक्ट्रोडला. ४ व्होल्टच्या वरही टिकतो, कोटिंग गुळगुळीत येतं, आणि जवळजवळ प्रत्येक पेपरात तोच असल्यामुळे तुलना करायला सोपं. त्रास आहे तो एनएमपीचा. २०० अंशांच्या आसपास उकळणारं सॉल्व्हंट, म्हणजे ओव्हन लांब, वाफ परत पकडायची यंत्रणा वेगळी, आणि प्रजननावर परिणाम करणारं रसायन म्हणून युरोपात त्यावर निर्बंध. शिवाय २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी मिळून फ्लोरिनवाल्या पीएफएएस रसायनांवर बंदीचा जो प्रस्ताव मांडला त्यात असले फ्लोरोपॉलिमरसुद्धा येतात, म्हणून निर्यातीचा विचार असेल तर तिकडे लक्ष ठेवा. आणि कॅथोडला एनएमसी ८११ (निकेल, मँगनीज, कोबाल्टचं ऑक्साइड) सारखा जास्त निकेलवाला माल वापरणार असाल तर पावसाळ्यात जपून, कारण दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर लिथियम हायड्रॉक्साइड तयार होतं, ते पीव्हीडीएफमधला हायड्रोजन फ्लोराइड खेचून काढतं आणि स्लरीची चक्क जेली होते. मग ती फेकायचीच, पातळ करून काही उपयोग नाही.

सीएमसी-एसबीआर (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि स्टायरीन-ब्युटाडाईन रबर यांची जोडी) पाण्यातला. ग्राफाइट ॲनोड (ऋण इलेक्ट्रोड) असेल तर डोकं न खाजवता हाच घ्या, जगभर हाच चालतो, स्वस्त आहे, आणि दोघांमध्ये कामं वाटलेली आहेत: सीएमसी स्लरी घट्ट करतो आणि कण बसू देत नाही, एसबीआर लवचिकपणा आणि चिकटपणा देतो. एसबीआर शेवटी घालायचा आणि हळू ढवळायचा, जोरात फिरवला तर लॅटेक्स फुटतो. घाईत सुकवलं तर बाष्पीभवनासोबत बाइंडर वर येतो, फॉइलपाशी काही उरत नाही आणि कापताना कोटिंगचा पापुद्रा सुटतो, त्याचं खापर मात्र बाइंडरवर फुटतं.

मग हाच कॅथोडला का नाही? एसबीआरमधले डबल बॉन्ड जास्त व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतात हे एक, आणि दुसरं म्हणजे एनएमसी पाण्यात टाकलं की त्यातलं लिथियम बाहेर येतं, पीएच ११-१२ वर जातो आणि ॲल्युमिनियम फॉइल खायला लागतो, कोटिंगमध्ये हायड्रोजनचे बुडबुडे दिसतात. थोडं फॉस्फोरिक ॲसिड घालून किंवा कार्बन लावलेली फॉइल घेऊन हे आवरता येतं, पण पहिल्याच लाइनवर हे झेंगट कशाला? कॅथोड एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पाण्यातले बाइंडर करून बघायला खरंच हरकत नाही, एसबीआरच्या जागी ॲक्रिलिक लॅटेक्स घ्या फक्त.

आता सिलिकॉनचा ॲनोड. बाइंडर सुधारण्यावरचं सगळ्यात मजेदार काम इथेच झालंय. ग्राफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम देतं, सिलिकॉन साधारण ३५८० देऊ शकतं, पण चार्ज होताना सुमारे तिप्पट-चौपट फुगतं आणि पीव्हीडीएफची पकड काही सायकलमध्येच सुटते. पीएए (पॉलिॲक्रिलिक ॲसिड, हाही पाण्यातला) याच्याकडे कार्बोक्सिल गट भरपूर, ते सिलिकॉनवरच्या ऑक्साइडला घट्ट धरतात. २०११ मध्ये समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटनेही हेच साधतं असं सायन्स मासिकात आलं. आपल्या गवारीच्या बियांचा गमसुद्धा सिलिकॉनसाठी तपासून झालाय, हसू नका. २०१७ मध्ये कोरियाच्या गटाने पीएएमध्ये पॉलिरोटॅक्सेन (साखळीत कड्या ओवलेला रेणू) मिसळलं, त्यातल्या कड्या साखळीवर विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशा सरकतात, त्यामुळे ताण एका जागी न साचता पसरतो. कल्पना झकास, पण किलोच्या भावात तो माल आणणार कुठून? साधा पीएए घेतलात तर त्याचाही हट्टीपणा माहीत असू द्या: जाड कोटिंग सुकताना भेगा पडतात, कडा वळतात, आणि पाणी धरून ठेवतो म्हणून व्हॅक्यूममध्ये नीट सुकवावा लागतो. लिथियम हायड्रॉक्साइडने थोडा न्यूट्रलाइज करून घेतला तर पुष्कळ सुधारतो. ॲनोडमध्ये ५-१० टक्केच सिलिकॉन असेल तर नुसत्या पीएएच्या मागे न लागता सीएमसी-एसबीआरमध्ये थोडा पीएए मिसळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन), म्हणजे सॉल्व्हंट नाही, ओव्हन नाही, पावडर रगडून पीटीएफईचे तंतू काढायचे आणि फिल्म लाटायची. टेस्लाने २०१९ मध्ये मॅक्सवेल ही कंपनी घेतली ती यासाठीच. कॅथोडला जमतं, ॲनोडला कमी व्होल्टेजवर पीटीएफईच रिड्यूस होतो आणि पहिल्या चार्जला लिथियम खातो. रोलर मशीन हाताशी नसेल तर हा पर्याय सोडून द्या.

आणि पेपर वाचताना दोन आकडे आधी शोधा, बाइंडर किती टक्के आणि लोडिंग (दर चौरस सेंटिमीटरला क्षमता) किती. १५-२० टक्के बाइंडर घालून पातळसं कोटिंग केलं तर जवळपास काहीही शेकडो सायकल चालतं, तुम्हाला ते ३ टक्क्यांत आणि प्रति चौरस सेंटिमीटर ३ मिलिअँपिअर-तासाला चालवायचंय. म्हणून दोन पर्यायांत अडलात तर दोन्हींची कोटिंग खऱ्या जाडीत करा, कॅलेंडर करा (रोलरखाली दाबा), पील टेस्ट (कोटिंग सोलायला किती जोर लागतो ती चाचणी) घ्या, मग तीच टेस्ट इलेक्ट्रोलाइटमध्ये रात्रभर भिजवलेल्या पट्टीवर पुन्हा घ्या. कोरड्या पट्टीवर पहिला आलेला बाइंडर भिजल्यावर मागे पडू शकतो, कारण पीव्हीडीएफसारखे काही बाइंडर कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये फुगतात.