माथेरानच्या वाटेवरची टपरी

दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून बाजारपेठेकडे चालत निघाले की लाल मातीच्या वाटेच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीच्या आडोशाला ही टपरी लागते. आल्याचा चहा दाट आणि कडक असतो, मात्र माझ्या चवीला तो अधिक गोड वाटला. कांदाभजी मागितल्यावरच तळली जातात, आणि त्यासाठी थांबणे सार्थकी लागते.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे दूध, साखर, सिलिंडर असा बराचसा माल घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा डोक्यावरून वर येतो. म्हणून खालच्या नेरळपेक्षा चार पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते. उन्हाळ्यात पायथ्याच्या वाड्यांमधून डोंगर चढून करवंदे आणि जांभळे विकायला आलेल्या ठाकर, कातकरी बायका याच सावलीत टोपली उतरवतात, आणि टपरीवाल्या मावशी त्यांना न मागता पाणी देतात. पर्यटक दोन दिवसांनी परततो. गाव चालते ते या माणसांवर. त्यांच्या आडोशाला सरसकट अतिक्रमण म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये, असे २०१४ चा पथविक्रेता कायदाच सांगतो.

बसायला एकच बाकडे आहे, स्वच्छतागृह नाही. सुटे पैसे मात्र जवळ ठेवावेत.